साप्ताहिक वाचन-प्रतिसाद कसा लिहायचा? (सारांश नको, आत्मचरित्रही नको म्हणे)

शेवटचा_बाक
नमस्कार मंडळी. चौदा वर्षं शाळेत शिकवलं आणि यंदा पुन्हा विद्यार्थी झालेय. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात 'लिंगभाव आणि शालेय शिक्षण' हा सेमिनार घेतलाय (लिंगभाव म्हणजे बाईने कसं असावं, पुरुषाने कसं असावं हे समाज ठरवतो ते). दर आठवड्याला दोन-तीन लेख किंवा प्रकरणं वाचायची आणि आदल्या रात्रीपर्यंत त्यावर पाचशे शब्दांचा 'वाचन-प्रतिसाद' पाठवायचा. परीक्षा नाही. बारा आठवडे, बारा प्रतिसाद, शेवटी एक निबंध.

पहिल्या आठवड्यात इमानेइतबारे सारांश लिहिला. शेरा आला, 'लेख मीही वाचला आहे. तुम्ही यात कुठे आहात?' दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, घ्या, ही मी. सातवीत विज्ञान प्रदर्शनात प्रयोग मुलग्यांनी करून दाखवायचा आणि मी तक्ता धरून उभं राहायचं, हे सगळं लिहून काढलं. लिहिताना डोळे भरून आले. शेरा, 'छान. पण लेख कुठे गेला?'

तिसरा परवा द्यायचाय. ज्यांनी असे कोर्स केलेत किंवा शिकवलेत त्यांनी सांगा, या दोन शेऱ्यांच्या मधे नक्की काय असतं?

तिरकस_रेघ
मधली सुट्टी.

अर्धविराम
रेघेकडे लक्ष देऊ नका, त्यांचं हे नेहमीचंच आहे.

शेबा, मी असे दोन कोर्स केलेत. पहिल्यात माझीही हीच गत झाली होती. मग एक सवय लावली. वाचताना पेन्सिल हातात ठेवायची, पण अधोरेखित करायचं नाही. जिथे वाचणं अडखळलं, मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचावं लागलं, तिथे समासात फक्त एक टिंब. अडखळण्याचं कारण काही का असेना, राग, कंटाळा, 'हे काय भलतंच', किंवा नुसतं कळलं नाही म्हणून. लेख संपल्यावर टिंबं मोजायची. सहा-सात निघतात. त्यातलं एक निवडायचं आणि पाचशे शब्द तिथेच उभं राहायचं. बाकी लेखाला हात लावायचा नाही.

मोह फार होतो हात लावायचा. आपण सगळं वाचलंय हे दाखवायची शाळेपासूनची खोड असते.

या आठवड्याचं वाचन काय आहे?

शेवटचा_बाक
मायरा आणि डेव्हिड सॅडकर, १९९४ च्या पुस्तकातलं एक प्रकरण. अमेरिकेतल्या वर्गांत बसून त्यांनी शिक्षक कुणाशी किती आणि कसं बोलतात त्याच्या नोंदी केल्या. मुलगे हात वर न करता उत्तर ओरडतात, शिक्षक ते घेतात. मुलगी ओरडली की 'आधी हात वर कर'.

माझी टिंबं शून्य. सगळंच पटलं. हीच तर अडचण आहे.

हजेरीपट
मला एक कळत नाही, एवढा जीव का काढताय? वाचन-प्रतिसाद ही हजेरी आहे. पूर्वी 'हजर बाई' म्हणायचो, आता पाचशे शब्दांत म्हणायचं. शिक्षकाला खात्री हवी असते की पोरं वाचून आली आहेत, नाहीतर सेमिनारमध्ये दोन तास त्याला एकट्याला बोलावं लागतं. पहिला परिच्छेद लेखक काय म्हणतो, दुसरा 'तथापि', तिसरा एक प्रश्न. चाळीस मिनिटांत होतं. मी सगळा कोर्स असा काढला, उत्तम श्रेणी मिळाली.

अर्धविराम
@हजेरीपट, त्या कोर्समधलं आज काय आठवतं?

हजेरीपट
'तथापि'.

निळी_शाई
बरीच वर्षं असा एक सेमिनार शिकवते आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. हजेरीपट यांचं अर्धं खरं आहे. हो, पहिला हेतू तुम्ही वाचून यावं हाच असतो, लपवण्यात अर्थ नाही. पण अठरा प्रतिसाद एका रात्रीत वाचणाऱ्या माणसाचे हाल कुणीतरी समजून घ्या. अठरापैकी बारा जणांनी लेखाचं पहिलं आणि शेवटचं पान सांगितलेलं असतं, कारण प्रस्तावना आणि समारोप तिथेच असतात.

माझा एक चोरटा मार्ग सांगते. मी आधी शेवटचा परिच्छेद वाचते. पहिले तीनशे शब्द माणूस घसा खाकरत असतो. 'प्रस्तुत लेखात लेखिकेने शिक्षणातील लिंगभावाच्या बहुआयामी स्वरूपाचा ऊहापोह केला आहे' वगैरे. शेवटी शब्दमर्यादा संपत आली की मग घाईघाईत तो खरं काय वाटलं ते लिहून टाकतो. कित्येकदा मी शेरा मारलाय की हा शेवटचा परिच्छेद पहिला करा, वरचं सगळं खोडा आणि इथून लिहायला लागा.

आठवणींबद्दल. गणिताच्या कोर्सला ही पंचाईत नसते, पण शाळेवरच्या सेमिनारला प्रत्येकजण दहा-बारा वर्षांचा साक्षीदार म्हणून येतो. त्यात विषय लिंगभावाचा, म्हणजे प्रत्येकाकडे जखम किंवा निदान ओरखडा असतोच. तो लिहायला माझी ना नाही. फक्त मी एवढंच बघते की ती आठवण लेखाला नुसती मान डोलावतेय की त्याच्याशी भांडतेय. मान डोलावणाऱ्या आठवणी वर्गात सांगा, चहाच्या वेळी सांगा. लिहिताना भांडणारी आणा.

एकटाच_पोरगा
निशाताईंना (निळी_शाई) +१. माझा अनुभव सांगतो. सोळा जणांच्या सेमिनारमध्ये मी एकटा पुरुष होतो (आयडी तिथूनच आलाय). पहिले चार आठवडे माझे प्रतिसाद म्हणजे माफीनामे. 'एक पुरुष म्हणून मला जाणीव आहे की...' असं सुरू व्हायचं आणि जाणीव सांगता सांगता पान भरायचं. वाचनातलं काहीही त्यात नसायचं. शिक्षिकेने एकदा शांतपणे विचारलं, 'तुमच्या जाणिवेबद्दल मला आता बरंच कळलंय. पुस्तकाबद्दल काय?'

मग पॉल विलिसचं १९७७ चं पुस्तक आलं. इंग्लंडमधली कामगारवस्तीतली बारा मुलं, शाळेला जुमानत नाहीत, शिक्षकांची टर उडवतात, वर्गाबाहेर हुंदडतात, आणि शेवटी त्याच बंडखोरीच्या वाटेने बापासारखी कारखान्यात पोचतात. वाचताना मी खूप हसलो. पोरं भन्नाट बोलतात. त्याच आठवड्यात अँजेला मॅकरॉबीचा १९८० चा टीकालेख होता. तिचं म्हणणं, मुली आणि बायका इथे त्या पोरांच्या बोलण्यातूनच येतात, तेही कशा भाषेत, आणि लेखक त्यावर फारसं थांबतच नाही.

मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि मी कुठे कुठे हसलो होतो ती पानं शोधली. तीन ठिकाणी विनोद मुलींवर होता. प्रतिसादात तेवढंच लिहिलं. कुठली तीन वाक्यं, मी का हसलो, आणि लेखकाने ती जशी मांडली आहेत त्यात वाचकाला हसवण्याची सोय कशी आहे. 'एक पुरुष म्हणून' हे शब्द आले नाहीत. त्या आठवड्यात पहिल्यांदा सेमिनारमध्ये माझ्या लिहिण्यावरून वाद झाला.

मोरपीस
एपो, फार आवडलं हे. हसू कुठे आलं हे शोधणं.

तिरकस_रेघ
अवि, तुमच्या टिंबांत आता हसण्याचंही टिंब घाला. जांभईचं मी घालतो.

बालवाडी
मी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवते, पुस्तकी अभ्यास बेताचा. पण एका प्रशिक्षणात व्हॅलरी वॉकरडाइनचा १९८१ चा लेख वाचायला दिला होता, त्याने मला आठवडाभर झोपू दिलं नाही. बालवाडीचा वर्ग. तीन-चार वर्षांचे दोन मुलगे शिक्षिकेला तिच्या शरीरावरून घाणेरडं बोलतात. ती त्यांना थोपवायचा प्रयत्न करते, पण जे घडलं ते मोठं करत नाही. मुलं या वयात बोलतात असं, नैसर्गिक आहे, असं तिचं म्हणणं. लेखिका विचारते, इथे सत्ता कुणाच्या हातात आहे? शिक्षिका मोठी, पगारी, वर्गाची मालकीण. आणि तरी त्या दोन मिनिटांत ती नुसती 'बाई' होते आणि ती चिमुरडी पोरं पुरुष.

आमच्याकडे सगळ्यांनी लिहिलं की शिक्षिकेने रागवायला हवं होतं. मी लिहिलं की मी ती शिक्षिका आहे. माझ्याशी असं झालंय आणि मीही हसून सोडून दिलंय. का, तर मुलांना मोकळं वाढू द्यावं, दटावू नये, हेच आम्हाला शिकवलेलं. लेखिकेचाही रोख तिथेच आहे, की बालकेंद्री शिक्षणाचं तत्त्वच शिक्षिकेचे हात बांधतं. पण एका ठिकाणी माझं तिच्याशी जमलं नाही. ती जे टिपते ते एक दृश्य आहे. मी त्या मुलांबरोबर वर्षभर असते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा चड्डी ओली झाली म्हणून माझ्या कमरेला मिठी मारून रडतो. कालची सत्ता आज कुठे गेली? का ती गेलेलीच नसते, मलाच तसं वाटतं? उत्तर मला आजही येत नाही. तेच लिहून संपवलं.

निळी_शाई
बालवाडीताई, पुस्तकी अभ्यास बेताचा म्हणू नका. 'कालची सत्ता आज कुठे गेली' यावर माझा अख्खा तास निघेल.

पाटी_पुसणी
थोडं अवांतर. हे वाचताना आठवलं, आमच्या शाळेत हजेरीत आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. माझा क्रमांक दहा वर्षं पन्नाशीच्या पुढे. वह्या तपासून परत मिळायच्या त्याही त्याच क्रमाने. तास संपायचा, माझी वही राहायची.

मोरपीस
अगदी! आणि प्रयोगशाळेत गटसुद्धा त्याच क्रमाने.

गोल_घर
आमची आडनावांनुसार होती हो. त्यामुळे मी 'ह' वाला मागेच राहिलो, पुरुष असून.

तिरकस_रेघ
अखिल 'ह' आडनाव पीडित संघ स्थापन करा.

पाटी_पुसणी
आणि ती शिक्षा आठवते का? मुलगा बडबड करायला लागला की त्याला दोन मुलींच्या मधे बसवायचं. सगळा वर्ग हसायचा, तो लालबुंद.

गोल_घर
बसलोय. चौथीत. अजून आठवतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मोरपीस
मी त्या दोन मुलींपैकी एक असायची. शांत म्हणून बाई नेहमी माझ्याच बाकावर पाठवायच्या. मला एकदाही कुणी विचारलं नाही. शिक्षा नक्की कुणाला होती? आणि मी कुणाची तरी शिक्षा आहे, म्हणजे मी काय आहे?

गोल_घर
...हा विचार मी आजवर केला नव्हता. खरंच.

हजेरीपट
धागा भरकटला. यात प्रतिसाद भरपूर आहेत, वाचन कुठंय?

अर्धविराम
हपं, मुद्दा बरोबर आहे, म्हणून वाचन आणते. बॅरी थॉर्न, १९९३. तिने अमेरिकेतल्या दोन प्राथमिक शाळांत मैदानावर, जेवणाच्या टेबलांवर, वर्गात बसून निरीक्षणं केली. तेव्हा असं मानलं जायचं की मुलग्यांचं एक जग आणि मुलींचं दुसरं. ती म्हणते, वेगळे गट शोधायला निघालात तर तेच दिसतील. एकत्र चाललेले खेळ, ये-जा, हे नजरेतून निसटतं. आणि जिथे दोन गट समोरासमोर येतात तिथे कधीकधी ती रेघ पुसली जाण्याऐवजी आणखी ठळक होते. पकडापकडी, चिडवाचिडवी, मुलगे विरुद्ध मुली स्पर्धा. याला ती 'बॉर्डरवर्क' म्हणते, सीमा राखण्याचं काम म्हणा.

आता मोरपीसची शिक्षा बघा. मुलगा-मुलगी शेजारी बसले, म्हणजे वरवर एकत्र आले. पण बाईंनी त्याची शिक्षा केली आणि सीमा पक्की झाली. इथे सीमा राखायचं काम मुलांचं नाही, शिक्षकाचं. मला वाटतं मोरपीसचा 'मी कुणाची तरी शिक्षा आहे' हा प्रश्न थॉर्नला विचारण्यासारखा आहे, कारण मैदानावर मुली पळू शकतात, ओरडू शकतात, उलट चिडवू शकतात. बाकावर बसलेली मोरपीस काय करणार?

आणखी एक. थॉर्न आपल्या लहानपणच्या आठवणी लपवत नाही. कुठल्या मुलांकडे आपलं लक्ष आपोआप गेलं आणि त्यात स्वतःच्या शाळेतल्या दिवसांचा किती हात होता, हे ती लिहिते. आठवण पुराव्यासारखी पुढे करत नाही, आपल्या चष्म्याचा नंबर म्हणून सांगते. शेबा, तुमच्या प्रदर्शनातल्या तक्त्याचं असं काही करता येईल.

मोरपीस
अवि, मी मघाशी एक ओळ खरडली होती, तुम्ही तिचं हे काय केलंत!

लेखणीची_धार
सगळी नावं परकीय बघून राहवत नाही. आपल्या भाषेतला सर्वांत जबर वाचन-प्रतिसाद १८८२ सालचा आहे. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना'. एका विधवेवरचा खटला गाजत होता, वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं चाललं होतं. बाईंनी ते वाचलं आणि सणसणीत पुस्तिका लिहिली. दुर्गुण म्हणून जे जे बायकांच्या माथी मारलं होतं ते एकेक घेऊन पुरुषांना लावून दाखवलं. ना सारांश, ना आत्मचरित्र. समोरच्या मजकुराचं बोट धरून त्यालाच फरफटत नेलंय.

हजेरीपट
ताराबाईंना पाचशे शब्दांची मर्यादा नव्हती.

लेखणीची_धार
आणि श्रेणीही कुणी देणार नव्हतं.

बाराखडी
भाषेवरून विचारते. आमचा कोर्स इंग्रजीत आहे, मी विचार मराठीत करते. 'जेंडर'ला लिंगभाव रुळलाय, 'हिडन करिक्युलम'ला, म्हणजे शाळा पुस्तकाबाहेर नकळत जे शिकवते त्याला, छुपा अभ्यासक्रमही ठीक. पण 'एजन्सी'ला, म्हणजे माणूस स्वतः ठरवून काही करू शकतो त्याला, काय म्हणायचं? कर्तेपण? कर्तृत्व म्हटलं की एकदम सत्कार समारंभ वाटतो.

निळी_शाई
कर्तेपण चांगलं आहे. पण आधी तो शब्द न वापरता वाक्य करून बघा. 'मुली आपलं कर्तेपण वापरतात' म्हणजे प्रत्यक्षात त्या काय करतात? मागच्या बाकावर निवडून बसतात? मुद्दाम कमी गुण पाडतात? बाईंना गोड बोलून मैदानाचा तास मिळवतात? जे करतात ते लिहा. कित्येकदा संज्ञेची गरजच उरत नाही. मी स्वतः कच्चा प्रतिसाद मराठीत लिहायला सांगते. इंग्रजीत लेखाची वाक्यं उसनी घेऊन पान भरता येतं, मराठीत ती सोय नाही, तिथे कळलं नसेल तर लगेच उघडं पडतं.

झटपट_उत्तर
एवढा काथ्याकूट कशाला? लेख चॅटबॉटला द्या, अर्ध्या मिनिटात प्रतिसाद तयार.

निळी_शाई
येतात तसले. छान शुद्ध असतात. अडखळलेलं कुठेच दिसत नाही, तिथेच कळतं.

एकटाच_पोरगा
शिवाय दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये 'तुम्ही लिहिलंय त्याचं जरा स्पष्टीकरण द्या' म्हटलं की चेहरा बघण्यासारखा होतो. पाहिलाय एकाचा. (माझा नव्हे.)

तिरकस_रेघ
कंसातलं वाक्य फार बोलकं आहे.

दोन_वेण्या
हलकंफुलकं. ब्रॉनविन डेव्हिसने १९८९ च्या पुस्तकात लिहिलंय की तिने बालवाडीच्या मुलांना स्त्रीवादी गोष्टी वाचून दाखवल्या. त्यातली एक, राजकन्येचे कपडे ड्रॅगन जाळतो, ती कागदी पिशवी घालून राजपुत्राला सोडवते, तो म्हणतो 'आधी नीट कपडे करून ये', ती त्याला सोडून निघून जाते. आपल्याला वाटतं पोरी टाळ्या वाजवतील. कित्येक मुलांना ती नायिका वाटलीच नाही.

मी घरी लेकीला सांगून पाहिली. ती गंभीरपणे म्हणाली, 'पण तिने अंघोळ करायला पाहिजे होती ना.' माझा त्या आठवड्याचा प्रतिसाद या एका वाक्यावर निघाला. गोष्ट बदलली तरी ऐकणारीने आधी ऐकलेल्या शंभर गोष्टी कुठे बदलतात?

शेवटचा_बाक
दोन दिवस तुम्हा सगळ्यांना वाचत होते. अविच्या टिंबांसाठी प्रकरण पुन्हा वाचलं आणि एक सापडलं. कच्चं टाकते, फाडून खा.

'सॅडकर दांपत्य शिक्षकांच्या प्रतिक्रियांचे चार प्रकार करतं. स्तुती, सुधारणा, टीका आणि नुसता स्वीकार, म्हणजे "हं, बरं". सर्वांत जास्त आढळतो तो शेवटचा. मी माझी चौदा वर्षं या चार खणांत टाकून पाहिली. मुलग्यांवर ओरडलेलं आठवतं. मुलींना सुवाच्य अक्षरासाठी दिलेली शाबासकी आठवते. "पुन्हा करून बघ, जमेल" हे जास्त कुणाला म्हटलं, ते सांगायला आता लाज वाटते. पण "हं, बरं" कुणाला म्हटलं ते एकदाही आठवत नाही. ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त, नेमकं त्याचीच आठवण नाही. म्हणून हे आठवणीवर सोडता येत नाही, कुणीतरी मागे बसून मोजावं लागतं. मात्र मोजणाऱ्याच्या तक्त्यात "हं" ही एक खूण आहे आणि सगळ्या खुणा सारख्या. एका विद्यार्थिनीच्या आईने मला वर्ष संपल्यावर सांगितलं होतं, "तिला वाटायचं, तुम्हाला ती आवडत नाही." मी तिला कधीच वाईट बोलले नव्हते. मी तिला काहीच बोलले नव्हते. तिच्यासाठी वर्षभराच्या त्या खुणांची बेरीज काय झाली, हे कुठल्या खणात लिहायचं?'

बालवाडी
शेबाताई. काही सुचत नाहीये.

अर्धविराम
'सांगायला आता लाज वाटते' काढा. तिथे तुम्ही वाचकाकडे सहानुभूती मागताय. जे म्हणालात ते सरळ लिहा, मुलग्यांना जास्त म्हटलं असेल तर तसं. बाकी हात लावू नका.

निळी_शाई
अविशी सहमत. आणि तक्ता धरून उभी असलेली सातवीतली मुलगी यात कुठेच नाही, तरी मला ती दिसली.

हजेरीपट
'तथापि' नाही यात. गुण कापले जातील.

(गंमत बाजूला. चांगलं आहे. मी असं एकही लिहिलं नाही कोर्सभर.)

शेवटचा_बाक
लाज काढली, पाठवला. आज शेरा आला. मंडळी, अक्षरशः एवढाच आहे:

'हं. पुढे?'

तिरकस_रेघ
चौथा खण!!!

एकटाच_पोरगा
😂😂 बाईंनी प्रकरण वाचलंय याचा पुरावा.

निळी_शाई
'पुढे?' आहे ना सोबत. म्हणजे चौथा खण नव्हे, दुसरा. सुधारणेत धरा.

शेवटचा_बाक
धरते. पुढच्या आठवड्याला त्रेचाळीस पानं आहेत आणि पेन्सिलीला टोक नाही. निघते.